जाधवमामांचं नाक

संध्याकाळचे सात वाजत आले की आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्हीचे आवाज कमी होतात आणि माणसं आपापल्या कचऱ्याच्या बादलीजवळ जाऊन उभी राहतात. कारण तिसऱ्या मजल्यावरून जाधवमामा खाली निघालेले असतात. बेल दाबतात, "तपासणी!" म्हणतात आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत सरळ तोंड खुपसतात. आत सुकटीची डोकी असोत की आंबलेली आमटी, मामांच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. मग तोंड वर काढून ते तुमच्याकडे रोखून बघतात आणि एकच शब्द विचारतात, "वास?"

या एका शब्दाला अख्खी बिल्डिंग टरकून असते.

पालिकेनं ओला-सुका वेगळा करायची मोहीम काढली, सोसायटीनं कमिटी नेमली आणि कमिटीत मामांशिवाय कुणी आलंच नाही. मामा पूर्वी बसचे चेकर होते. भिवंडी-वाडा रस्त्यावर बिनतिकिटाच्या माणसाला पकडायचं आणि अंबाडी नाक्यावर खाली उतरवायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. ती सवय गेली नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा केलेला दिसला, की "अंबाडीला उतरवीन!" तेलाची बाटली न धुता सुक्यात टाकली, "अंबाडीला उतरवीन!" आम्ही आपल्याच घरात उभे असायचो, तरी तिकीट शोधायला हात खिशाकडे जायचा.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शबानाभाभी तर त्यांची चप्पल वाजली की मला फोन करायच्या, "मामा निकले हैं, तू बादली देख ले!" एकदा मामांनी त्यांच्या बादलीतून तोंड काढून "वास?" म्हणायचा अवकाश, भाभी हात जोडून मोकळ्या झाल्या, "गलती हो गयी मामा, बच्ची का डायपर सुके में चला गया!" मामा ओल्या बादलीवर वाकले होते. सुक्याची पिशवी अजून उघडलीही नव्हती. त्या दिवसापासून या माणसाचं नाक भिंतीपलीकडचंही हुंगतं, अशी सगळ्यांची खात्री झाली. मी कशेळीच्या गोदामात दिवसभर सुपरवायझर म्हणून लोकांवर ओरडते. पण सात वाजता मीही बादलीचं झाकण चार वेळा उघडून बघायची.

धाकानं का होईना, कचरा कमी झाला हे खरं. घंटागाडीवाला आमच्या गेटशी येऊन "आज पण एवढंच?" विचारू लागला. मामांची छाती फुगली. त्यांनी गच्चीवर ड्रम मांडले, आमच्या भाज्यांची देठं त्यात घातली आणि कित्येक आठवडे रोज वर जाऊन ढवळलं. एका संध्याकाळी आइस्क्रीमच्या जुन्या डब्यांत खत भरून ते दारोदार वाटत आले.

"हुंग," माझ्यापुढे डबा धरत म्हणाले. "जंगलातली माती हाय!"

मी हुंगलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या उंदरावर कुणी आंबलेलं ताक ओतावं, तसा वास. मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी हसले. भीतीनं जेवढं हसता येतं तेवढं हसले. माझी आई एरवी कुणाला भीक घालत नाही. तीही म्हणाली, "छान झालंय हो भाऊ," आणि तोंडाला पदर लावून बाल्कनीत पळाली. शबानाभाभी म्हणाल्या, "माशाल्ला."

दोन दिवसांत जिना चढणं मुश्किल झालं. कुणीतरी सांगायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण म्हणे मला ओरडायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच मी डबा घेऊन वर गेले. काय बोलायचं ते पायरीपायरीवर घोकत होते. मामांचं दार लोटलेलं होतं. ढकललं आणि हातातल्या डब्याच्या वासावर मात करून दुसराच वास नाकात घुसला. गॅस. खोली भरून गॅस.

मामा बुद्धमूर्तीपुढे उभे होते. पुढ्यात मेणबत्ती, हातात काडेपेटी. "ये ये," ते शांतपणे म्हणाले. "एवढी मेणबत्ती लावतो, मग बोलू." आणि त्यांनी काडी पेटीला टेकवली.

"टाका ती!" मी किंचाळले. डबा पडला, खत फरशीभर झालं. मी काडेपेटी हिसकावून जिन्यात भिरकावली, स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण चालूच होतं. ते बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. मग मी उंबऱ्यात बसले.

"मामा, एवढा वास येतोय, तुम्हाला कळलं नाही?"

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. "वास येत न्हाय मला," ते म्हणाले. "मागं ताप आलता, त्यात गेला तो परत आलाच न्हाय. मामी होती तवर भ्या नव्हतं. तिचं नाक होतं घरात."

"मग आमच्या बादल्या?"

"बसमध्ये कुणाच्या खिशातलं तिकीट दिसतंय का? तोंड बघायचं. चोर असल तर तोंड आपणच बोलतंय." मग त्यांनी फरशीकडे बघितलं. "हे बिघडलंय, न्हाय का?"

मी मान हलवली.

"तुम्ही सगळी हसत व्हता," मामा हळू म्हणाले. "मला वाटलं, जमलं."

मला फार लाज वाटली. गॅसची सूचना देणारं मशीन बसवून घ्या म्हटलं, तर हातच जोडू लागले. "लोक इचारतील, कशाला बसवलं? लेक पुण्याला न्यायला टपलीच हाय. आन् नाक नसलेल्याला कमिटीत कोण ठेवंल? मग सांच्याला मी कुणाची बेल वाजवू?"

आईशिवाय मी कुणाला सांगितलं नाही. खतात सुका पाला कमी पडला, एवढंच बिल्डिंगला कळलं. आता मामा सगळी दारं संपवून शेवटी आमच्याकडे येतात आणि जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "चेकरची बी तपासणी झाली पायजे. चल!" मी वर जाते, त्यांच्या शेगडीजवळ उभी राहून हुंगते आणि "काही नाही, मामा" म्हणते. मग ते मेणबत्ती लावतात. कशेळीला ट्रकांच्या रांगेत अडकले की मला धडकी भरते. मी आईला फोन करून वर पाठवते.

परवा मी निघाले तशी मामांनी फळीवरून एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली काढली. केसांच्या तेलाची. आतून तेलकट, न धुतलेली, झाकण घट्ट लावलेली.

"मामीची हाय," ते म्हणाले. "नियमानं धुऊन सुक्यात टाकाया पायजे. पण आधी बघ, वास हाय का अजून?"

मी झाकण काढलं, हुंगलं. नुसता जुन्या प्लॅस्टिकचा वास होता.

"आहे, मामा," मी म्हटलं. "माक्याचा. चांगला येतोय."

मामांनी हात पुढे करून बाटली घेतली, झाकण घट्ट बसवलं आणि ती फळीवर होती तिथे ठेवली. माझ्या तोंडाकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.