होयचे बहुमत

“अध्यक्षांना मध्येच लागली तर?”

प्रश्न तसा साधाच होता. सहलीच्या बसमध्ये, मागच्या सीटवर तो जन्माला आला आणि जन्मल्याबरोबर त्याच्यावरून असा खिदळाट झाला, की नागरिकशास्त्राच्या बाईंनी मागे वळून चष्मा सरळ केला. शाळा मुलींना विधानसभा दाखवायला निघाली होती. अध्यक्ष उंच खुर्चीवर बसतात, सगळं सभागृह त्यांच्याकडे बघून बोलतं आणि ते उठले की काम थांबतं, एवढं बाईंनी आधीच घोकवून घेतलं होतं.

“लागली म्हणजे?” एकीने साळसूदपणे विचारलं.

“लागली म्हणजे लागली! सकाळपासून खुर्चीत. उठायचं नाही, हलायचं नाही. मग करणार काय?”

“आपण करतो तेच. दाबून बसणार.”

हे मात्र सगळ्यांना पटलं. त्यांच्या शाळेत तासाला ‘बाई, जाऊन येऊ?’ असं विचारलं, की ‘मधल्या सुट्टीत काय करत होतीस?’ हे उत्तर ठरलेलं होतं.

“भोंग्या, तू विचारून दाखव,” मैत्रिणी म्हणाल्या. “तिथे, आत, काम चालू असताना. कुणालाही विचार, शिपायाला विचारलंस तरी चालेल. येताना खिडकी तुझी!”

भोंगा म्हणजे ती. हे नाव तिला घरातूनच मिळालं होतं, कारण तिची कुजबुजसुद्धा समोरच्या इमारतीत ऐकू जायची. मागच्या वर्षीपर्यंत ती या नावाला लाजायची. पण नुकतंच तिने आंतरशालेय वादविवादात एका मुलाला असं काही गारद केलं, की तो पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून तिचा कणा ताठ झाला होता आणि पैज नाकारायची सोय उरली नव्हती.

अडचण एकच होती. अडचणीचं नाव बाबा.

आवाज तिला आईकडून मिळाला होता. आई शहर बसमध्ये कंडक्टर. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या दारातून चढलेला विनातिकीट माणूस ती पुढच्या दारातून ओळखायची आणि तिथूनच असा पुकारा करायची, की तो स्वतःहून खाली उतरायचा. बाबा नेमके उलट. ते विधानसभेत प्रतिवेदक होते. अध्यक्षांच्या खुर्चीखालच्या टेबलाशी बसायचं आणि सभागृहात पडलेला शब्द न् शब्द टिपून घ्यायचा, हे त्यांचं काम. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घरी येईपर्यंत त्यांचं स्वतःचं बोलणं आटून गेलेलं असे. जे काही शिल्लक राही ते सभागृहाच्या भाषेत. प्रगतिपुस्तक मागायचं असलं की ‘पटलावर ठेवा’. मायलेकींची जुंपली की ‘सदस्यांनी खाली बसावे’.

सगळ्या वर्गाचे पास बाबांच्याच सहीने निघाले होते. आदल्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून, त्यांच्या मानाने भलं मोठं भाषण केलं होतं.

“वर सज्जात बसायचं. फक्त डोळे आणि कान न्यायचे. तोंड मोबाइलसारखं बाहेर जमा करायचं.”

“एवढं काय त्यात?”

“पासवर माझी सही आहे. सज्जातून एक शब्द जरी खाली पडला, तर तुला बाहेर काढतील आणि मला आत बोलावतील. इतक्या वर्षांत मला एकदाही आत बोलावलेलं नाही.”

तिने कबूल केलं होतं. पण शिपायाच्या कानात हळूच काही विचारलं तर ते खाली कसं पडेल? असा तिचा युक्तिवाद, आणि वादविवादात बक्षीस मिळवलेल्या मुलीला स्वतःला पटवायला कितीसा वेळ लागणार?

सज्जा म्हणजे थिएटरची बाल्कनी निघाली. खाली बाबांच्या डोक्यावरचं विरळ झालेलं गोल स्पष्ट दिसत होतं. विषय होता पाणीपुरवठ्याचा. दोन्ही बाजूंची मतं अगदी काट्यावर असल्यामुळे एकही सदस्य जागचा हलत नव्हता आणि एकही गप्प बसत नव्हता.

“अध्यक्ष महोदय, धरण तुडुंब भरलंय! दरवाजे कधी उघडणार?” एक जण गरजला.

“किती काळ अडवून धरणार? फुटेल एक दिवस!” दुसरा म्हणाला.

“आणि गळतीचं काय? ठिकठिकाणी थेंब थेंब...” तिसऱ्याने बोटांनी थेंब पाडून दाखवले.

भोंग्याचं लक्ष मात्र वरच्या खुर्चीकडे होतं. अध्यक्षांनी उजवा पाय डाव्यावर टाकला. मग डावा उजव्यावर. मग दोन्ही घट्ट जुळवून ते छताकडे बघू लागले. दप्तराच्या आड असे पाय बदलणारी मुलगी ती वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची.

“अगं, त्यांना खरंच लागलीय!” ती पुटपुटली.

“मग विचार ना! आत्ताच विचार!” मैत्रिणींनी तिला ढोसलं.

सज्जाच्या दाराशी पांढऱ्या गणवेशातले शिपाईकाका उभे होते. ती त्यांच्याकडे झुकली. त्याच क्षणी खाली अध्यक्षांचा बांध फुटला, म्हणजे संयमाचा. त्यांनी टेबलावर हातोडा आपटला. “शांतता! टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे!”

काय झालं कोण जाणे, पण त्या अधिवेशनात पहिल्यांदाच सगळे एकदम गप्प झाले. आणि टाचणीच्या ऐवजी भोंगा वाजला.

“काका, अध्यक्षांना मध्येच लागली तर?”

प्रश्न घुमटापर्यंत गेला, तिथे जरा रेंगाळला आणि सगळ्या सभागृहावर सारखा पसरला. सगळ्या माना वर झाल्या. वर झालं नाही ते फक्त बाबांचं डोकं, पण त्यांचे कान मागून लालभडक झालेले तिला दिसले. बाईंनी डोळे मिटून घेतले. मैत्रिणी तर अशा अंतर्धान पावल्या, की अख्ख्या रांगेत ती एकटीच सहलीला आली असावी असं वाटावं.

“सभागृहाचा अवमान!” पुढच्या बाकावरचे एक जाडजूड सदस्य उठले. “मुलीला बाहेर काढा! आणि पासवर कुणाची सही आहे, त्याला बोलवा!”

शिपाईकाकांचा हात तिच्या खांद्यावर आला. खिडकीची सीट, पैज, ताठ कणा, सगळं एकदम फालतू वाटायला लागलं. खाली बाबांनी पेन ठेवलं होतं. बाबांनी पेन ठेवलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“थांबा!” सगळ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. पदर खोचलेला, आवाज भोंग्याच्याच जातीचा. “तो प्रश्न माझा आहे.”

“ताई, तुम्ही खाली आहात! आवाज वरून आला!”

“मी विचारला, तो वर गेला आणि परत आला. घुमटाला दोष द्या. अध्यक्ष महोदय, हा नियमाचा मुद्दा आहे. आपल्याला मध्येच लागली तर काय करायचं?”

“खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायचं, साधी गोष्ट आहे,” मंत्री म्हणाले. “उपाध्यक्षांना बसवा.”

“त्यांची दाढ सुजलीय, ते घरी आहेत.”

“मग तुमच्यातलं कुणी बसा!”

“वा रे वा! खुर्चीत बसलेल्याला मत देता येत नाही. आमचं एक मत कमी करायचा डाव आहे हा! तुमच्यातलं बसवा!”

“आमचं बरं कमी करू?”

झालं! पुन्हा गदारोळ. पाणी बाजूला राहिलं आणि खुर्चीवरून भांडण पेटलं. दोन्ही बाजू एकमेकांना खुर्ची देत होत्या आणि कुणी ती घेत नव्हतं. असं दृश्य त्या सभागृहाने पूर्वी कधी पाहिलं नसावं. अध्यक्षांच्या कपाळावर घाम डवरला.

“एका शब्दात सांगा, अध्यक्ष महोदय,” मागच्या बाकावरच्या ताईंचा आवाज सगळ्यांच्या वरून आला. “लागलीय, की नाही?”

अध्यक्षांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग एका दमात म्हणून टाकलं, “होय, लागली आहे.”

“याबाबत शासनाची भूमिका अशी आहे की पाण्याचा प्रत्येक थेंब...” मंत्री सवयीने उठले.

“पाण्याचं नाव काढू नका!” अध्यक्ष जवळजवळ ओरडलेच. “प्रस्ताव असा आहे की सभागृहाचं काम थोडा वेळ स्थगित करावं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं!”

“होऽऽय!”

असा होय निघाला, की सज्जाचा कठडा थरथरला. सकाळपासून जागा न सोडलेले दोन्हीकडचे सगळे जण त्यात होते. जाडजूड सदस्यांचा तर सगळ्यात मोठा.

“प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.”

कुणी हूं की चूं केलं नाही.

“होयचे बहुमत, होयचे बहुमत!” म्हणत अध्यक्ष खुर्चीतून सुटले. दारापर्यंत पोचल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. धावता धावताच त्यांनी बाबांकडे बोट केलं. “तो प्रश्न आणि त्यावर सदस्य जे जे बोलले, ते सगळं कामकाजातून काढून टाका!”

बाहेरच्या लांबलचक मार्गिकेत दोन्ही पक्ष एका रांगेत उभे राहिले. मंत्री आणि जाडजूड सदस्य एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत होते, पण मनापासून नव्हे. भोंग्याला मात्र आता स्वतःलाच लागली होती. घाबरल्यावर लागते तशी. बायकांची पाटी दिसेना म्हणून ती गरगर फिरत होती, एवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला.

“इकडे नाही गं. चल, पळ माझ्याबरोबर!” मागच्या बाकावरच्या ताई होत्या.

“बायकांचं कुठंय?”

“दोन मजले खाली. या मजल्यावरचं आहे, पण त्यात मोडक्या खुर्च्या भरून ठेवल्यात. निवडून आल्यापासून मी जिना उतरतेय. जाऊन परत येईपर्यंत माझी बोलायची पाळी गेलेली असते.”

“मग तुम्ही विचारलं का नाही कधी?”

ताई जिन्यात क्षणभर थांबल्या. “लाज वाटायची,” त्या म्हणाल्या. “तुला नाही वाटली?”

“आता वाटतेय,” भोंगा म्हणाली, आणि दोघी हसत हसत, पण फार जोरात न हसता, खाली पळाल्या.

परत येताना खिडकी तिला मिळाली. पण तिने बाहेर एकदाही बघितलं नाही. विधानसभेच्या फाटकातून बस निघता निघता बाईंनी बातमी दिली होती, “तुझ्या बाबांना अध्यक्षांनी आत बोलावलंय हं.”

घरी आई गणवेश न उतरवताच बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्येच तिला हसू येत होतं, पण लेकीचा चेहरा बघून ती ते गिळत होती. “सकाळी ड्यूटीवर चढले की मीसुद्धा पाणी पीत नाही,” ती एवढंच म्हणाली. “मला कुणी कधी विचारलं नाही.”

कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाबा आत आले, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले, खुर्चीत बसले. भोंग्याच्या तोंडून प्रथमच खरीखुरी कुजबुज निघाली.

“बाबा, आत काय झालं?”

“अध्यक्षांनी विचारलं, पासवर सही तुमची? मी म्हटलं, होय. मुलगी तुमची? म्हटलं, होय.”

“मग?”

“मग म्हणाले, इतकी वर्षं मी खुर्चीत बसतोय, पण मला कुणी विचारलंच नव्हतं हो. आता रोज मध्ये एक विश्रांती होणार. आणि मागच्या बाकावरच्या ताईंनी सांगितलं म्हणून बायकांच्या इथल्या मोडक्या खुर्च्याही उद्या हलणार.”

आईने दोन्ही हातांनी टाळी वाजवली. भोंगा बाबांच्या गळ्यात पडणार, तोच त्यांनी हात वर केला.

“सदस्यांनी खाली बसावे. कामकाजाची नोंद अजून सांगायची आहे. प्रश्न काढून टाकायचा हुकूम होता, मी काढला. सदस्यांचं बोलणं काढायचा हुकूम होता, ते काढलं. अध्यक्षांचे स्वतःचे शब्द काढायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता काढणारा मी कोण?”

“म्हणजे?”

बाबांचा चेहरा अगदी सरळ होता. “म्हणजे पाणीपुरवठ्यावर जोरदार चर्चा चालू आहे. अध्यक्ष म्हणतात, शांतता. आणि त्याच्या खालच्या ओळीत, कुणी काही विचारलेलं नसताना, माननीय अध्यक्ष म्हणतात, होय, लागली आहे.”

मग आईचं हसणं असं फुटलं की समोरच्या इमारतीत दिवा लागला. बाबा हसले नाहीत, पण त्यांचे कान पुन्हा लाल झाले आणि ते लाल कान हसत होते, यात शंका नव्हती.

“आणि शेवटचा विषय,” ते म्हणाले. “शिस्त म्हणून हे अधिवेशन संपेपर्यंत तुला सज्जात बंदी आहे.”

भोंगा उभी राहिली. कणा आपोआप ताठ झाला.

“माझं ठरलंय,” तिने जाहीर केलं. “हे अधिवेशनच काय, मी त्या सज्जात पुन्हा कधीच बसणार नाही.”

“सुज्ञ निर्णय,” बाबांनी सुटकेचा श्वास सोडला.

“मी खाली बसणार. मागच्या बाकावर, ताईंच्या शेजारी. मोठी झाले की निवडणूक लढवणार!”

बाबांचा श्वास अर्ध्यात अडकला. आईचा हात सवयीने खांद्याला नसलेल्या बॅगेकडे गेला. “अगं, पण तुला तिकीट कोण देणार?”

“कुणी दिलं तर घेईन,” भोंगा म्हणाली, आणि समोरच्या इमारतीतला दुसरा दिवाही लागला. “नाहीतर आई, मी विनातिकीट उभी राहीन!”