तंबोऱ्यावर : भूपाल आण्णा

भूपाल आण्णांनी त्या काळातले झाडून सगळे मोठे गवई ऐकले होते, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांना ओळखता येत नसे. कारण साधं होतं. आण्णा तंबोऱ्यावर बसत, आणि तंबोरेवाला गवयाच्या मागे बसतो. वीस-बावीस वर्षं त्यांनी शास्त्रीय संगीत पाठीकडून पाहिलं होतं.

आम्ही दोघे सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकून होतो. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा सुमार असेल. एकदा नाक्यावर एक अँबॅसिडर थांबली. आत रेशमी झब्ब्यातले एक पुण्याचे बुवा. मी चेहरा ओळखला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आदल्याच महिन्यात आण्णा याच बुवांच्या मागे अडीच तास बसले होते. आण्णांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि विचारलं, "काय माल हाय?"

"माल नाही हो, वाद्यं आहेत."

"कुनाची?"

"माझीच."

"पावती हाय का?"

बुवा वैतागून खाली उतरले आणि पाणी प्यायला माठाकडे वळले. त्यांची पाठ दिसली मात्र, आण्णांच्या हातातलं पेन खाली पडलं. "आवं बुवा, तुमी व्हय! आधीच वळायचं न्हाई का!" असं ओरडत ते धावले आणि बुवांचे पाय धरले. बुवांना शेवटपर्यंत काही उलगडा झाला नाही. पण ते भले गृहस्थ होते, त्यांनी आण्णांना आशीर्वाद दिला आणि गाडी पुढे गेली.

"शिंदे," आण्णा नंतर मला म्हणाले, "तोंड कसंबी करता येतंय. पाठ खोटं बोलत न्हाई गड्या." हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. ट्रकवाले, वरचे साहेब, जैन मंदिरात प्रवचनाला येणारे पंडित, सगळ्यांचं मोजमाप ते माणूस निघून जाताना करत.

त्यामुळे मैफलींच्या आठवणीही त्यांच्या वेगळ्याच. कुणी विचारावं, "आण्णा, परवाचा मारवा कसा झाला?" तर उत्तर यायचं, "मधली शिवन उसवली." म्हणजे तान घेताना बुवांच्या शेरवानीची शिवण काखेपासून सुटत गेली, आणि प्रत्येक तानेबरोबर ती किती सरकली यावरून आण्णांना त्या तानेचा पल्ला अजून सांगता येत असे. दुसऱ्या एका मैफलीत विलंबित चालू असताना एक मुंगळा बुवांच्या मानेवर चढला. आण्णांच्या हातात तारा. त्या सोडता येईनात, आणि फुंकर मारावी तर सूर हलेल. मुंगळा सावकाश कानाकडे निघाला. बरोबर समेवर तो कानात शिरला, बुवांनी मान अशी काही झटकली की अख्खा मंडप "वाहवा!" म्हणून उठला. "लोक अजून ती सम काढत्यात," आण्णा म्हणायचे. चेहऱ्यावर हसू नाही.

आण्णा एकटेच. गावभागात एक खोली, तिच्यात एक कॉट आणि तंबोरा. गावाकडे शेती भावांनी सांभाळलेली. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणत, "खोली येक हाय. तंबोरा कुठं ठेवू?" दिवस मावळायच्या आत जेवण, मग तंबोरा जुळवणं, मग झोप. नाक्यावरही कान सुरातच असायचा. एका ट्रकवाल्याला त्यांनी तीनदा हॉर्न वाजवायला लावला. "कोमल निषाद हाय, लय ग्वाड लागलाय," म्हणाले. ट्रकवाल्यानंही मोठ्या हौसेनं वाजवला.

आता मुद्द्याचं सांगतो. हा माणूस तरुणपणी मिरजेला गेला, तो तंबोऱ्यावर बसण्यासाठी नव्हे. तो गाणं शिकायला गेला होता. तिथल्या एका गुरुजींकडे त्यानं आठ वर्षं काढली. गुरुजी कडक. त्यांनी आण्णांना तंबोरा दिला आणि सांगितलं, "लोकांसमोर तोंड उघडायचं नाही. मी 'आता गा' म्हणेन तेव्हा गायचं." आण्णा थांबले. आणि एक दिवस सकाळी दाढी करता करता गुरुजी गेले. 'आता गा' म्हणायचं राहूनच गेलं.

हे मला त्यांनी एका दुपारी नाक्यावर सांगितलं, डबा खाता खाता.

"मग आता तुमचं तुम्हीच गा की," मी म्हणालो.

"त्यांनी सांगितल्याशिवाय?"

"ते कसे सांगणार आता?"

"त्येच की," आण्णा म्हणाले आणि चटणीत भाकरी बुडवली. थोड्या वेळानं म्हणाले, "आनि म्या पुढं बसलो तर मागं कोन बसनार?"

मला त्या गुरुजींचा राग यायचा. मी त्यांना पाहिलंही नव्हतं, पण यायचा. एकदा आण्णांच्या खोलीच्या जिन्यात असताना मी आतून आलाप ऐकला होता. दार वाजवताच तो बंद झाला. दार उघडून आण्णांनी "रेडिओ हुता" म्हणून सांगितलं. खोलीत रेडिओ नव्हता.

त्या चैत्रात आमच्या गावच्या देवीच्या उत्सवात प्रथमच शास्त्रीय गाणं ठेवायचं ठरलं. आमचं गाव औंधच्या पलीकडे. उत्सव कमिटीचे प्रमुख माझे चुलते, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. गावानं तोवर भजन ऐकलं होतं, तमाशा ऐकला होता. मी शब्द टाकला आणि ते अँबॅसिडरवाले बुवा यायला तयार झाले. ते साथीदारांना घेऊन पुण्याहून साताऱ्यावरून येणार, आणि तंबोऱ्यावर नेहमीप्रमाणे आण्णा. आम्ही दोघे विट्यावरून एस.टी.नं निघालो.

कंडक्टरनं गवसणीकडे बघून विचारलं, "ह्ये काय हाय?"

"तंबोरा."

"तिकीट लागंल त्याला."

"द्या. पन खिडकीपाशी बसंल त्यो," आण्णा म्हणाले. तंबोरा खिडकीपाशी बसला. आण्णा औंधपर्यंत उभे होते.

गाणं दुपारी चारला, देवळापुढच्या मांडवात. सगळा गाव लोटला होता. साडेचारला एका एस.टी. ड्रायव्हरनं निरोप आणला की बुवांची गाडी रहिमतपूरजवळ गरम होऊन बंद पडलीय, मिस्त्री आणायला माणूस गेलाय. लोक चुळबुळ करायला लागले. सुभेदारकाका आण्णांना म्हणाले, "पाव्हनं, तुमी वर जाऊन बसा. काय तरी वाजत ऱ्हायलं म्हंजी मानसं उठायची न्हाईत."

आण्णा व्यासपीठावर चढले आणि आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे मागे, बसले. पुढे बुवांची पांढरी गादी आणि लोड, दोन्ही रिकामी. त्या रिकाम्या गादीमागे आण्णांनी तंबोरा छेडायला सुरुवात केली.

आमच्या गावाला हा प्रकार नवा. वाजवणारा डोळे मिटून मागे, पुढे स्वच्छ गादी, गादीवर कुणी नाही. लोकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. आधी एक बाई पदर घेऊन पुढे आली, तिनं गादीला हात जोडले आणि चाफ्याचं फूल वाहिलं. तिच्या मागून दुसरी. मग रांगच लागली. कुणी नारळ ठेवला, कुणी लोडाला हळदकुंकू लावलं. पंधरा मिनिटांत गादीवर फुलांचा ढीग झाला. मी वर जाऊन सांगणार होतो, पण आमच्या आईलाच रांगेत पाहिलं आणि खाली बसलो.

आण्णांना याचा पत्ता नव्हता. पाऊण तास ते वाजवत होते. शेवटी सुभेदारकाकांचा धीर सुटला. ते व्यासपीठापाशी जाऊन पाय जुळवून उभे राहिले आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "पाव्हनं, चेकिंग लय झालं! आता गावा!"

तारांवरची बोटं थांबली. आण्णांनी डोळे उघडले आणि मांडवात मला शोधलं.

"शिंदे, काय म्हनलं त्ये?"

"आता गावा म्हणले."

"मला?"

"तुम्हालाच."

आण्णा बराच वेळ सुभेदारकाकांकडे पाहत राहिले. काका तसेच ताठ. फौजेत हुकूम दिल्यावर तो पाळला जाईपर्यंत हलायचं नसतं. मग आण्णा हळूच म्हणाले, "मागं कोन बसनार?"

मी कसा वर गेलो ते मला माहीत नाही. मला संगीतातलं काहीही कळत नाही, आजही कळत नाही. आण्णांनी तंबोरा माझ्या मांडीवर दिला, माझी बोटं धरून चार तारा दाखवल्या. "येकामागनं येक. घाई करायची न्हाई. माज्याकडं बगू नको, तारंकडं ध्यान दे." मग ते पुढे गेले, आणि फुलांनी भरलेली गादी पाहून तिला नमस्कार करून शेजारच्या सतरंजीवर बसले.

पहिला षड्ज फाटला. दुसरा लागला. आण्णा भीमपलास गात होते, असं मला नंतर कळलं. तबला नाही, पेटी नाही, नुसते स्वर. आवाज मोठा नव्हता, पण तो कुठं अडत नव्हता; वीस वर्षं आत भरून राहिलेलं सावकाश बाहेर येत होतं. मांडवातली चुळबुळ थांबली. मला एकदम भरून आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

साधारण वीस मिनिटं झाली असतील. देवळाच्या वळणावर हॉर्न वाजला. बुवांची गाडी. सुभेदारकाका हार घेऊन धावले, त्यांच्यामागे कमिटी, त्यांच्यामागे पोरंटोरं, आणि बघता बघता अख्खा मांडव गाडी बघायला गेला. आण्णांचे डोळे मिटलेले. मी त्यांना सांगायला हवं होतं. पाहुणे आले, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी नाही सांगितलं. मी तारा छेडत राहिलो. आयुष्यात मी एवढा हट्ट दुसऱ्या कशासाठी केला नाही.

आण्णांनी आलाप संपवला, शेवटच्या षड्जावर थांबले आणि डोळे उघडले. मांडवात तीन म्हाताऱ्या उरल्या होत्या, ज्यांना पटकन उठवत नव्हतं.

"मानसं कुठं गेली?"

"गाडी आली, आण्णा."

"असं व्हय." ते उठायला लागले.

तिघींतली एक म्हणाली, "आवं, का थांबलासा? गावा की. आमी हाय न्हवं."

आण्णांनी तिला हात जोडले, माझ्याकडून तंबोरा घेतला, कान लावून म्हणाले, "पंचम उतरलाय," आणि मागे जाऊन बसले. त्यानंतर बुवा फार सुंदर गायले असं सगळे म्हणतात. फुलं बाजूला करून गादी त्यांना द्यावी लागली, यावरून गावात थोडी नाराजी झाली, ती वेगळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. सांगलीला उतरल्यावर मला वाटलं, खोलीवर जातील. पण ते मिरजेच्या बसमध्ये चढले आणि मलाही हात करून बोलावलं. गुरुजींच्या घरी त्यांच्या पत्नी, काकू, एकट्याच राहत. सत्तरीच्या, ताठ बांध्याच्या. आण्णा त्यांच्या पाया पडले आणि शाळेत चूक कबूल करावी तसे उभे राहिले.

"काकू, काल गायलो."

"कुठं?"

"ह्यांच्या गावाला."

"कुणी सांगितलं गायला?"

"येक सुभेदार हुते," आण्णा खाली बघत म्हणाले. "गुरुजींनी न्हवतं सांगितलं. चुकलं आसंल तर..."

काकू म्हणाल्या, "हे जाऊन चौदा वर्षं झाली, भूपाल. तू दर गुरुवारी येतोस, इथला तंबोरा जुळवतोस, चहा पितोस, जातोस. मला वाटायचं, तुझं मनच उडालं गाण्यावरून. दुखेल म्हणून मी विचारलं नाही."

आण्णांचा चेहरा मला त्या क्षणी बघवेना. काकूंनी मला भिंतीशी टेकवलेला तंबोरा आणायला सांगितला. सवयीनं आण्णांचे हात तो घ्यायला पुढे झाले.

"तू नको," काकू म्हणाल्या. "तू पुढं बस."

त्या स्वतः आण्णांच्या मागे जाऊन बसल्या आणि तारा छेडायला लागल्या. आण्णांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ त्यांना षड्ज लावता येईना. काकू छेडत राहिल्या. त्यांना घाई नव्हती.