दिवाणाखालचे मधुभाऊ

आमच्या शेजारच्या मधुभाऊंशी गप्पा मारायच्या तर त्यांच्या पायांशी माराव्या लागतात. समोरासमोर भेटले, की 'हो', 'नाई' आणि 'बरं' एवढ्यावर हा माणूस अख्खं पिपरी मेघे गाव पार करतो. पण सिंकखाली, कपाटामागे, जिथे मांजरही विचार करून शिरेल, तिथे एक खिळा मारायला सांगा. कमरेपर्यंत आत गेले, की तोंड सुटलंच.

मोकळ्या भिंतीवर खिळा मारणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "ते तं कोनीबी मारते," म्हणतात. अडचणीत हातोडी उगारता येत नाही, म्हणून ती आडवी धरून टकटक करतात. बोटं चेचू नयेत म्हणून खिळा कंगव्याच्या दातांत धरतात. कंगवा माझा असतो.

एकदा आमच्या सिंकखाली पाइपाची पट्टी ठोकताना आतून म्हणाले, "वहिनीवर आवाज काऊन चढवता? भिंतीपल्याड आयकू येते." मी त्यांच्या चपलांकडे बघून मान हलवली. बाहेर आले, पँट झटकली आणि म्हणाले, "बरं."

बायको गेल्यावर मुलीला, सोनूला, त्यांनी एकट्यानं वाढवलं. यंदा तिला हैदराबादला नर्सची नोकरी लागली आणि मधुभाऊंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप द्यायला गेलो, तर ती बापाला सांगत होती, "माह्या दिवानाची मागची पट्टी हालून राह्यली."

मधुभाऊ मुकाट्यानं दिवाणाखाली शिरले. सोनू शेजारी फरशीवर बसली आणि तिनं हळूच मूठ उघडून मला दाखवली. आत त्याच पट्टीचे स्क्रू होते.

ठाकठूक सुरू झाली. मग आतून आवाज आला.

"तिकडचं जेवन नाई जमलं तं सांगजो."

"हो."

"मी रागावलो नाई तुह्यावर. मले भेव लागून राह्यलं. तू नाई तं हे घर मले खायाले उठन."

सोनूनं ओढणीनं डोळे पुसले. तिथे माझं काही काम नव्हतं.

"सोनू," आतून हलकेच आवाज आला, "हे पट्टी आपोआप निघत नसते. आन ते स्क्रू इकडे."

सोनू स्क्रूंसकट आत सरकली. बाहेर चार पावलं दिसत राहिली. मी दार ओढून घेतलं.