फागोजींचा चिंचोक्याचा सरस

फागोजी कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्चीचा वास घेत. पाठीला नाक लावत, खाली वाकून बैठकीचा वास घेत, आणि बहुतेक वेळा जमिनीवर बसत. माझ्या धाकट्या भावाच्या सोयरिकीला ते आमच्यासोबत मोहाडीला आले होते. मुलीकडच्यांनी लग्नात द्यायचं नवं कपाट मोठ्या अभिमानानं दाखवलं. फागोजींनी दार उघडून डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मुलीचे वडील माझ्याकडे पाहू लागले. आतून आवाज आला, "पोरगी चांगली आहे. कपाट नोका घेऊ."

सोयरीक जमली. कपाटही आम्ही घेतलं.

भंडाऱ्याबाहेरच्या एका प्लायवूडच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि फागोजी सरस-मिस्त्री. ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायला ड्रममधून एक रसायन यायचं. ते घोळून सरस तयार करणं हे फागोजींचं काम. मग बायका रोलरवर तो पापुद्र्यांना लावत आणि पापुद्रे गरम दाबयंत्रात जात. त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांतून धारा लागत. शेठजी म्हणत, "सवय होते." ते स्वतः वर्षातून एकदा, दसऱ्याला, यंत्राला हार घालायला तिथे जात आणि नाकाला रुमाल लावून बाहेर येत. त्यांना सवय व्हायला वेळच मिळत नव्हता.

"जे तोंडात घालता येत नाही, ते घरात कायले घालता?" हा फागोजींचा ठरलेला प्रश्न. तो त्यांनी शेठजींना विचारला, बँकेच्या साहेबांना विचारला, एकदा एसटीच्या कंडक्टरलाही विचारला. त्यानं पुढचं तिकीट फाडलं.

घरी त्यांचा स्वतःचा सरस शिजत असे. चिंचोके भाजायचे, दळायचे, पाण्यात रटरटवायचे. त्यात बाभळीच्या सालीचा काढा, कधी हिरडा, कधी बेलफळातला चिकट गर. फागोजी बोटानं चाटून पाहत आणि गंभीरपणे म्हणत, "तुरट कमी आहे." त्यांच्या बायको सगुणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "वरणाच्या गंजात सरस शिजवते हा माणूस, आन् सरसाच्या गंजातून वरण मागते."

त्या सरसानं चिकटवलेली पहिली फळी कारखान्यात पाण्याच्या टाक्यात टाकली, तर ती जेवणाच्या सुट्टीआधीच उकलली. दुसरी गोदामात उंदरांनी कुरतडली. सगळे हसले, पण फागोजी खूश होते. "उंदीर मेला नाही, हे पाह्यलं का कोणी?"

तिसरी फळी दोन दिवस पाण्यात राहूनही सुटली नाही. ती तशीच ठिबकत फागोजींनी शेठजींच्या टेबलावर, माझ्या फायलींवर ठेवली. शेठजी काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी यंत्रावर फळ्या काढून पाहायला परवानगी दिली. ड्रमचा सरस काही मिनिटांत वाळायचा, फागोजींच्या सरसाला अर्धी दुपार लागली. शेठजी घड्याळ पाहत होते.

"फागोजी, माल चांगला आहे. पण तुमच्या सरसाले फुरसत लागते. गिऱ्हाइकाले फुरसत नाही."

"गिऱ्हाइकाले नाक आहे का?"

"आहे. पण दुकानात तो डोळेच वापरते."

विषय संपला. ती फळी ऑफिसातल्या माठावर झाकण म्हणून ठेवली गेली.

पुढच्या आठवड्यात फागोजी माझ्याकडे अर्ज घेऊन आले. रोलरवर सुमन नावाची एक बाई होती, सातवा महिना लागलेली. तिला लाकूड निवडायला बाहेर शेडमध्ये पाठवावं आणि तिच्या जागी रोलरवर स्वतः फागोजींना घ्यावं, असं त्यात लिहिलं होतं. मिस्त्री माणूस बायकांच्या रोलरवर उभा राहणार, या बातमीनं कारखान्याची करमणूक झाली. सुमन त्यांच्या नात्याचीही नव्हती. मी अर्ज खणात ठेवला आणि त्यांची समजूत घालायला संध्याकाळी घरी गेलो.

फागोजी सालीच्या शोधात जंगलाकडे गेले होते. सगुणाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, समजवा त्यांना. मिस्त्रीची जागा जाईल."

त्या म्हणाल्या, "बाबूजी, मी चार वर्स त्याच रोलरवर होती. दम लागाले लागला, तवा सोडलं. सरस हेच घोळत होते. मी कधी काही म्हटलं नाही त्यायले. पण त्यायच्या डोक्यातून जातच नाही."

मला तोवर हे ठाऊकच नव्हतं. मी त्या कारखान्यात आलो त्याआधीची ही गोष्ट.

"अर्ज पुढं पाठवा तुमी," त्या म्हणाल्या आणि हंडा घेऊन उठल्या.

तेवढ्यात फागोजी आले. सालीची मोळी त्यांनी भिंतीला टेकवली आणि मला म्हणाले, "बसा बाबूजी, चहा घेऊनच जा." सगुणाबाईंच्या हातातून हंडा घेतला, दोर खांद्यावर टाकला आणि ते विहिरीकडे निघाले.

विहिरीवर सात-आठ बायका होत्या. कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. त्यांनी नुसतं सरकून फागोजींना त्यांची रोजची जागा दिली.