थोरला अपडेट झाला, धाकटा अडला

बनसोडे काका एका कॉम्प्युटरसमोर बसले की दुसऱ्याकडे वळून म्हणत, “थांब जरा, तुझ्याकडेही येतो.”

आणि जात. थोरल्यावर पत्त्यांचा एक डाव झाला की उठून धाकट्यावर एक डाव. थोरल्यावर जिंकले आणि धाकट्यावर हरले, तर धाकट्यावर पुन्हा बसत, जिंकेपर्यंत. थोरला आणि धाकटा ही कॉम्प्युटरांची नावं. दोघांना एकाच छिटाच्या कापडाची झाकणं शिवलेली होती. धूळ पुसायचं फडकं मात्र एकच होतं, त्यामुळे आधी कोणाला पुसायचं असा प्रश्न येई. तो काकांनी सम-विषम तारखांवर सोडवला होता.

काका अंबरनाथ पूर्वेला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत. निवृत्त होईपर्यंत ते पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. बारवी धरणाचं पाणी आमच्या गल्ल्यांत यायचं ते काकांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीने. एका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्या गल्लीचा उघडायचा. “एकदम सगळ्यांना सोडलं तर कोणालाच धार नाही. पाळी लावली की शेवटच्या नळालाही पोचतं,” असं ते म्हणत आणि आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींना हेच लावत. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढणाऱ्याला मी त्यांनी थांबवलेलं पाहिलं आहे. “पलीकडची रांग आधी. इकडे प्रेशर जास्त आहे.”

दोन कॉम्प्युटर त्यांनी हौसेने घेतले नव्हते. त्यांना दोन मुलगे. मिलिंद मस्कतला, राहुल बंगलोरला. शोभाकाकू आजारी असताना त्यांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं यावरून दोघा भावांत भांडण झालं. काकू गेल्या आणि भांडण राहिलं. पुढे तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मिलिंदने वडिलांना कॉम्प्युटर घ्यायला सांगितला, म्हणजे कॅमेऱ्यावर बोलता येईल. ते राहुलला कळलं आणि त्याने कळवलं, “दादाच्या कॉम्प्युटरवर मी बोलणार नाही. माझा वेगळा घ्या.”

काकांनी वाद घातला नाही. उल्हासनगरला मोहनभाईच्या दुकानात जाऊन एकाच दिवशी, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन आणले. रविवारी दहाला मिलिंद अर्धा तास थोरल्यावर येई, अकराला राहुल धाकट्यावर. मधला अर्धा तास अशासाठी, की चुकूनसुद्धा गाठ पडू नये.

आता माझा यात काय संबंध, तर आमचं इंटरनेट एक होतं. केबलवाल्याची एक लाइन काकांच्या हॉलमध्ये येई, तिथे एक राउटर होता आणि त्यातून तीन वायरी निघत. दोन काकांच्या, तिसरी गॅलरीतून आमच्या घरात. राउटरला काका टाकी म्हणत. मी एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे कॉम्प्युटर शिकलो, म्हणून काका मला तज्ज्ञ समजत. मी तज्ज्ञ नाही हे मी त्यांना वेळीच सांगायला हवं होतं. पण एवढ्या विश्वासाने कोणी विचारलं की मला नाही म्हणवत नाही, आणि मग रात्री झोप येत नाही.

त्या वर्षी कॅमेऱ्यावर बोलायच्या प्रोग्रॅमचं नवं अपडेट आलं. ते घेतल्याशिवाय चित्र दिसणार नाही, अशी पाटी दोन्ही कॉम्प्युटरांवर आली. काकांनी दोघांवर एकाच वेळी, डाव्या आणि उजव्या हाताने बटण दाबलं. थोरल्याची हिरवी पट्टी सरकू लागली. धाकट्याने लाल फुली दाखवली.

“साळवी, एका घरात दोन न्याय!” काका गॅलरीतून ओरडले. “तुमच्याकडे आलं का?”

माझ्याकडे आलं होतं. न मागता, मी चहा पीत असताना, गुपचूप. पण काकांचा चेहरा बघून मी म्हणालो, “अजून नाही.”

“मग प्रेशरच नाही,” काका म्हणाले.

मी आत येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “अहो, अपडेटच आलंय ना? चेहरा असा केलाय जसं कुणाचं पाणी चोरलंत!”

मला अगदी तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काका कामाला लागले. त्यांनी वायरी मोजल्या. धाकट्याची वायर थोरल्याच्या वायरीहून हातभर लांब निघाली. “हे बघा. टोकाच्या बिल्डिंगला धार कमी.” त्यांनी मोहनभाईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून संभाषण मी ऐकलं.

“साईं, वायर से कुछ नहीं होता. छोटा-बडा सब एक.”

“तीस वर्षं पाइप टाकले मी. मला सांगतो!”

“अरे बाबा, पाइप नहीं है ये!”

“पाइप नाही तर आत येतं कुठून?” असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि दोन्ही वायरी समान करून घेतल्या. तरी लाल फुली. मग धाकट्याचं टेबल खाली घेतलं, कारण उतारावर धार वाढते. लाल फुली. शेवटी त्यांनी पाळी लावली. थोरल्याची पाळी असली की धाकटा भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबून पार बंद. धाकट्याची पाळी आली की थोरला बंद. दर पाळीला थोरला आणखी काही तरी गिळून तरतरीत होई आणि धाकटा लाल फुली दाखवी. एका संध्याकाळी काका थोरल्याला म्हणाले, “बस झालं तुझं. लाज वाटते का?”

मी सहज म्हणालो, “काका, एक तर चालतोय ना. राहुलशीही त्याच्यावरच बोला.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल शोधू लागलो. मग ते सावकाश म्हणाले, “या रविवारी शोभाचा स्मृतिदिन आहे. वंदनेला दोघंही घरात पाहिजेत. एकाच वेळी. मी दोघांना साडेदहा सांगितलंय.”

“एकमेकांना माहीत आहे?”

“नाही.”

त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, “जा, सांगून या एकदाचं.” मी गेलो आणि दारातच सांगून टाकलं की माझ्याकडे अपडेट पहिल्याच दिवशी आलं होतं, मी खोटं बोललो, मला माफ करा.

काकांनी कपाळावर हात मारला. “आलं? म्हणजे लाइन भरलेली आहे! साळवी, टोकाला पाणी आहे हे कळलं की व्हॉल्व्हमन मधला नळ तपासतो. आठवडाभर मी टाकीच्या मागे लागलोय आणि तुम्ही भरल्या बादलीवर झाकण ठेवून बसलात!”

मग आम्ही धाकट्यासमोर बसलो. त्याची पाळी होती, काकांनी बोर्डाचं बटण दाबून त्याला नुकताच उठवला होता. मी खालच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, तारीख उघडली. एक जानेवारी. साल चार वर्षांमागचं.

“काका, हा जुन्या सालात आहे.”

“हो,” काका म्हणाले. “या महिन्यापासून बोर्डावरून बंद केला की उठतो तो तिथेच. मला वाटलं, त्याला ते साल आवडत असेल.” थोडं थांबून म्हणाले, “मीही दुरुस्त केलं नाही. तेव्हा शोभा होती.”

मी तांत्रिक बोलू लागलो. म्हटलं, आत बटणाएवढा एक सेल असतो, वीज नसताना तारीख तो धरून ठेवतो. धाकट्याचा सेल संपलाय. तुम्ही बोर्डावरून बंद केलंत की तो तारीख विसरतो. आणि अपडेट देणारा तिकडचा कॉम्प्युटर आधी कागदपत्रं बघतो. चार वर्षांपूर्वीची तारीख घेऊन कोणी दारात उभा राहिला तर त्याला परत पाठवतो. वायर एक असली तरी मागणं प्रत्येकाचं वेगळं असतं. नळ एक, भांडं ज्याचं त्याचं.

काका तारखेवर बोट ठेवून म्हणाले, “म्हणजे मी त्याला न्याय देत होतो, आणि दर वेळी तो मागे जात होता.”

“तसंच काही नाही,” मी घाईने म्हणालो. तसंच होतं.

शनिवारी आम्ही मोहनभाईकडे गेलो. काकांनी दोन सेल मागितले. मोहनभाई म्हणाला, “साईं, दूसरा तो ठीक है.” काका म्हणाले, “ठीक आहे म्हणून त्याने काय पाप केलं?” दोन्ही बदलले. तारीख लावली. धाकट्याची हिरवी पट्टी सरकू लागली तेव्हा काका तिच्यासोबत बोट सरकवत होते, पाणी कुठवर आलं ते पाइपावर दाखवावं तसं.

रविवारी साडेदहाला मला बोलावलं होतं. कपाटावर बुद्धमूर्ती, शेजारी शोभाकाकूंचा फोटो, मेणबत्ती. दोन्ही कॉम्प्युटर शेजारीशेजारी, तोंड फोटोकडे. थोरल्यात मिलिंद आला, धाकट्यात राहुल. काका दोघांच्या मध्ये चटईवर बसले आणि त्यांनी त्रिसरण सुरू केलं. मस्कतहून आवाज थोडा उशिरा येई, बंगलोरहून त्याच्याही मागून, त्यामुळे प्रत्येक ओळ घरात तीनदा ऐकू येत होती. भावांनी एकमेकांचा आवाज ऐकला असणारच. दोघंही थांबले नाहीत.

वंदना संपली. काका उठले. “साळवी, धरा जरा.”

तेव्हाचे मॉनिटर म्हणजे धान्याच्या गोण्या. आम्ही थोरल्याचं तोंड उजवीकडे फिरवलं, धाकट्याचं डावीकडे. दोघे डोक्यावरच्या कॅमेऱ्यांसकट समोरासमोर आले आणि दोन्ही स्पीकरमधून अशी शिट्टी वाजली की खालचा कुत्रा भुंकू लागला. मी धावून आवाज कमी केला आणि मस्कत व बंगलोर दोन्हीकडे माफी मागितली.

मग कोणीच बोलेना. चित्रं मधूनमधून अडकत होती, त्यामुळे माणूस गप्प आहे की नेट, ते कळत नव्हतं.

“दादा?” राहुल म्हणाला. “केस कुठे गेले तुझे?”

“कॅमेरा जुना आहे.”

“कॅमेरा जुना असला की केस जातात?”

“तू तुझी गालफडं बघ आधी. जेवतोस की नाही?”

“आईसारखा बोलू नको.”

काकांनी माझं मनगट धरलं आणि मला गॅलरीत ओढून नेलं. दार हलकेच लोटलं. ते कठड्याला टेकून उभे राहिले, खोलीकडे पाठ करून. हात त्यांनी कठड्यावर घट्ट दाबून ठेवले होते. आतून दोन आवाज येत होते, शब्द कळत नव्हते.

खालून पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मान वर केली. “अहो काका, आज पाणी किती वाजता?”

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ते म्हणाले. “पोरं बोलतायत.”

त्यातल्या मोठ्या पोराची मुलगी त्या वर्षी दहावीला होती.