तोंड बघून वाढणारे नवसूकाका

नवसूकाकांकडे मिसळ मागितली तर मिसळच येईल असं नसायचं.

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ एक हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकडी आणि दारातच वड्यांची कढई. काका तिथे वाढपी. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा हॉस्टेलवर राहून अकरावी शिकत होते. भीत भीत वडापाव मागितला. काका वाकून म्हणाले, "बघू, तोंड इकडं कर." मी केलं. ते आत गेले आणि पेजेचा वाडगा घेऊन आले.

"काका, मी वडापाव सांगितला होता."

"ऐकलं मी. पण तुझं तोंड आज वड्याचं नाय."

मला एवढा धक्का बसला की मी निमूटपणे पेज प्यायले आणि बाहेर पडले. संध्याकाळी मला ताप भरला आणि काकांचं खरं ठरलं, असं काही झालं नाही. मला फक्त भूक लागली होती, आणि ती पेजेनं भागली नाही.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी त्याच हॉटेलात काउंटरला लागले. सकाळी काम, मग कॉलेज. तिथे मला कळलं की हा प्रकार काका माझ्याशीच करत नव्हते, सगळ्या तालुक्याशी करत होते. त्यांच्या मते माणसाला काय खायचं हे त्याच्या जिभेला कळत नाही, ते तोंडावर दिसतं. पावसात भिजून आलेल्या मोटारसायकलवाल्या पोरांनी थंड पेय मागितलं तर त्यांना आल्याचा कोरा चहा मिळायचा. भांडून आलेल्या नवराबायकोंना दोन थाळ्यांऐवजी एक मोठं ताट. त्यातल्या एक बाई उठून सरळ दुसऱ्या हॉटेलात गेल्या. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "भूक नव्हती तिला," म्हणाले.

एकदा कचेरीत नव्यानं बदलून आलेले साहेब जेवायला आले. त्यांनी मटण थाळी सांगितली. समोर आलं कुळथाचं पिठलं आणि नागलीची भाकरी. साहेबांचा आवाज स्टँडपर्यंत गेला. हॉटेलचे मालक, शेठ, हात जोडून धावत आले. मी भीतीनं काउंटरखाली वाकले. काका मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला रात्री झोप लागत नाय. मटण खाल तर आजबी लागायची नाय." साहेब न जेवता निघून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले, कोपऱ्यात बसले आणि काकांकडे न बघता म्हणाले, "आण काय ते."

शेठ वैतागायचे. "नवसू, तू वाढपी हाय का डॉक्टर?"

"डॉक्टर नाडी बघतो शेठ, मी तोंड बघतो. आन् फी घेत नाय."

"फी घेत नाय म्हणूनच मी बुडतोय!"

ते हॉटेल अखेर बंद झालं. काकांमुळे नाही. शेठना त्यांच्या मुलानं नाशिकला बोलावून घेतलं. शटर ओढलं, बाकडी कोणीतरी नेली, आणि काका जामसरला आपल्या घरी परतले.

मी तिसऱ्या वर्षाला गेले. सूर्यमाळकडच्या आमच्या पाड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी आमची बोली वेगळी, वर्गात पुस्तकी मराठी आणि त्यात मधेच इंग्रजी. सर विचारायचे, "समजलं का?" आणि मी सगळ्यांबरोबर मान हलवायचे. दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजीत मी नापास झाले होते. हे कोणाला सांगायचं? घरी सांगितलं असतं तर नापास म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून मी गुपचूप ठरवलं की कॉलेज सोडायचं आणि नोकरी धरायची. नोकरी लागली की कोणी काही विचारत नाही.

दाभोशाच्या धबधब्याच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट झालं होतं. तिथे काउंटरला मुलगी हवी होती. मॅनेजर नाशिकचे, तरुण, चांगले बोलणारे. त्यांनी विचारलं, "आधी कुठं काम केलंय? तुमचं काम बघितलेलं कोणी आहे का?"

मी आनंदानं नवसूकाकांचा नंबर दिला. ते माझ्याबद्दल वाईट कशाला सांगतील?

मॅनेजरांनी तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"नवसूकाका ना? सविता तुमच्याबरोबर कामाला होती ना? आम्ही तिला काउंटरला घ्यायचं म्हणतोय. ती इथंच समोर बसलीय. कशी आहे?"

"पोर चांगली हाय," काका म्हणाले. मी ओढणी सारखी केली. "पण तुम्ही कामाला कशी ते विचारताय ना? कामाला बेताची."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बेताची म्हणजे?"

"गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं की तिला रडं येतं. मग आत जाऊन कांदा चिरत बसते, कोणाला कळू नये म्हणून. ती होती तवा आमच्याकडं कांदा लई लागायचा."

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

"कप धुताना गाणं म्हणते. गाणं रंगलं की कप जातो. आन् तिला कोणाला नाय म्हणता येत नाय. बाकडी भरलेली असली तरी या, बसा म्हणते. तुमच्या खोल्या भरल्या तरी म्हणंल, या. लोकांना झोपवणार कुठं?"

माझे कान तापले होते. जमीन दुभंगावी वगैरे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी मला ते मनापासून पटलं.

"रोजचं काम हाय का?" काकांनी विचारलं.

"हो, रोजचं. रविवारी तर सुट्टी नाहीच, तेव्हाच गर्दी असते."

"आन् तिचं कॉलेज?"

"सोडतेय म्हणाली."

पलीकडे कोंबडा आरवल्याचा आवाज आला.

"मग नका घेऊ," काका म्हणाले.

"अहो काका, पण..."

"तुम्ही खरं विचारलंत, मी खरं सांगितलं. तुम्ही जेवलात का साहेब? आवाज कोरडा येतोय. ताक घ्या."

फोन बंद झाला. मॅनेजरांनी फोन खिशात टाकला. "असं कोणी कोणाबद्दल सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं," म्हणाले. मग नेहमीसारखं, "कळवतो आम्ही." मी बाहेर पडत असताना ते आत ओरडून कोणाला तरी ताक आणायला सांगत होते.

तिथून मी तडक जामसरला निघाले. जीपमध्ये बसून मनात वाक्यं जुळवत होते. "आपण माझा विश्वासघात केलात," हे वाक्य मला फार आवडलं. पुस्तकी होतं, पण राग पण तसाच होता. बहुधा मी ते मोठ्यानं म्हणाले, कारण शेजारची म्हातारी कोंबडीची टोपली घेऊन जरा सरकून बसली.

काका ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ये. बघू, तोंड इकडं कर."

"नाही करणार!" मी पाठ करून बसले.

"बरं. मग पाठ बघून वाढतो."

विश्वासघाताचं वाक्य जीपमध्येच राहिलं. निघालं ते भलतंच. "काका, असं सांगतं का कोणी? माझी नोकरी गेली ना!"

"एक तरी खोटं बोललो?"

तेच तर सगळ्यात वाईट होतं. एकही खोटं नव्हतं.

"पण सगळे चांगलंच सांगतात."

"सगळे मागवलं तेच आणतात," काका म्हणाले. "मला ती सवय नाय. तू नोकरी मागवलीस, तोंड काय नोकरीचं नव्हतं."

"फोनवर कुठं दिसलं तुम्हाला तोंड?"

"समोर बसलीस आन् एवढं ऐकून गप्प राहिलीस. तू गप्प असलीस की पोटात कायतरी असतं."

आणि मग मी ते बोलून टाकलं, जे कोणाशीच बोलले नव्हते. इंग्रजीत नापास झाले, वर्गात काही कळत नाही, मान हलवून हलवून कंटाळले. बोलताना रडायला आलं आणि जवळपास कांदा नव्हता.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे घरी सांगितलंस?"

"नाही."

"कॉलेजात?"

"नाही."

"रिसॉर्टात रोज रडाया कांदा देणार होते का तुला? तिथला आचारी हाकलंल. त्यापेक्षा कॉलेजात रड. मास्तरला सांग, कळत नाय. तो काय मारतो का?"

मला हसू आलं. मला स्वतःचाच राग आला, कारण मी भांडायला आले होते.

त्यांनी आतून ताटली आणली. एक नागलीची भाकरी आणि थोडं उडदाचं भुजं, आमच्याकडची घट्ट आमटी. भाकरी सकाळची होती, कडेनं कडक झालेली. मी खायला लागले. अर्धी झाल्यावर आत लक्ष गेलं. चूल गार होती. भांडी पालथी होती. टोपल्यात दुसरी भाकरी नव्हती.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेक सासरी होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

"काका, तुम्ही जेवलात?"

"जेवीन की."

"काय जेवणार?"

त्यांनी डोकं खाजवलं. सगळ्या तालुक्याचं जेवण ठरवणारा माणूस अडखळला. "तेच कळत नाय बघ," म्हणाले. "हॉटेलात होतो तवा तोंडं यायची समोर. त्यांना वाढता वाढता माझंबी होऊन जायचं. इथं काय करावं सुचत नाय. माझं तोंड मला कुठं दिसतंय?"

घरात आरसा नाही अशी तक्रार करावी तसं ते म्हणाले. त्या दिवशी मला धक्क्यावर धक्के बसले होते, पण हा वेगळाच होता. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर तोंड करत आले होते. त्यांचं कधी बघितलंच नव्हतं. गाल आत गेले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. सदऱ्याची कॉलर गळ्याला सैल झाली होती.

मी ताटली खाली ठेवली.

"काका, तोंड इकडं करा."

ते बिचकले. मग त्यांनी खरंच केलं.

मला तोंडावरून काय कळणार? पण मी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुमचं तोंड आज पेजेचं आहे."

"पेज नको. सुकटीचं कायतरी कर."

"इथं मागवलेलं मिळत नाही," मी म्हणाले आणि चूल पेटवायला उठले.

काकांनी पेज फुंकर घालून प्यायली. वाडगा रिकामा केला. मग खरं तेच सांगितलं, "बेताची झाली."

परतीच्या जीपमध्ये मॅनेजरांचा मेसेज आला. दुसरी मुलगी घेतली होती. मी तो दोनदा वाचला. वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. सोमवारी इंग्रजीच्या सरांना कसं सांगायचं, याची वाक्यं मी जुळवायला लागले, या वेळी साधी. जव्हारला उतरताना ड्रायव्हरदादांना विचारून घेतलं की रविवारी जामसरला पहिली जीप किती वाजता सुटते.

त्या नोकरीत रविवारची सुट्टी नव्हती. मला आता होती.