मरणशय्येवरचे डुलणारे दिवे

पेशाने मी नाट्यगृहाचा पडदा ओढतो. पण ज्यांना माणसांची पारख आहे ते मला गुप्तहेर म्हणून ओळखतात. सध्या असा माणूस एकच आहे, आणि तो मी. नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची. डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, पण पुरावे बहुधा उजवीकडूनच येतात असा माझा अनुभव आहे.

माझी भाची तिथेच दिव्यांच्या बोर्डावर बसते. एकटीने सांभाळलेलं हे तिचं पहिलं नाटक. दिव्यांचा प्रत्येक बदल नंबर देऊन बोर्डात साठवायचा आणि वेळ आली की बटण दाबायचं. अशा एकेका बदलाला क्यू म्हणतात. अकराव्या क्यूला नावेचा प्रवेश येतो आणि वर टांगलेले चार फिरते दिवे संथपणे डुलायला लागतात. ते डुलणं तिने दोन दिवस खपून बसवलं होतं. बघून मला विंगेत उभ्या उभ्या मळमळलं, म्हणजे काम चोख होतं.

घोळ झाला एकविसाव्या क्यूला. तिथे नाटकातली आई शेवटचा श्वास घेते. आज सकाळच्या तालमीत तिने डोळे मिटायला आणि डोक्यावरचे दिवे डुलायला एकच गाठ पडली. पलंग बघता बघता समुद्राला लागला. मुलाचं काम करणारा नट रडता रडता हसला. दिग्दर्शक हसला नाही. चारच्या प्रयोगात एक जरी दिवा हलला तर उद्यापासून बोर्डावर दुसरं कोणीतरी बसेल, एवढं बोलून तो चहाला गेला.

भाचीचा चेहरा उतरला. "मामा, एकविसाव्यात मी डुलण्याचं काही घातलेलंच नाही. दहा वेळा तपासलं."

"मी आहे ना. काळजी करू नकोस."

"तू आहेस म्हणूनच काळजी वाटतेय," ती म्हणाली.

मी तपासाला लागलो. पहिला संशय वाऱ्यावर. ओलं बोट वर करून मी शिडीच्या टोकापर्यंत गेलो. वारा सापडला नाही, बोटाला धूळ भरपूर सापडली. दुसरा संशय उंदरावर. बोर्डामागे सापळा म्हणून बिस्किट ठेवलं. अर्ध्या तासात बिस्किट गायब. मी विजयी मुद्रेने सगळ्यांना गोळा केलं, तेव्हा ते दिग्दर्शकाने चहाबरोबर खाल्ल्याचं उघड झालं. उरला तो हसणारा नट. त्याला कोपऱ्यात घेऊन दरडावलं, तर तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. निर्दोष माणसाला इतकं चांगलं रडता येत नाही, अशी मी वहीत नोंद केली.

तीन वाजले. आईचं काम करणाऱ्या बाई पलंगावरच आडव्या होत्या. भाची एकविसावा क्यू पुन्हा पुन्हा लावून बघत होती आणि दिवे डुलत होते. बाईंनी तिला हाक मारली.

"पोरी, मी रोज मरते, त्यामुळे डोळे किलकिले करून वर बघायला मला निवांत वेळ असतो. हे डुलणं नावेतलंच आहे. याच ठेक्यावर मी वल्हं मारते. तुझी नाव थांबते कुठे?"

"चौदाव्या क्यूला. काठाला लागते तेव्हा."

"काठाचा प्रवेश तर परवाच कापला."

भाची धावत बोर्डाकडे गेली. बोर्ड म्हणजे पक्का सांगकाम्या. एकदा डुल म्हटलं की पुढचा कुठलातरी क्यू थांब म्हणेपर्यंत तो दिवे डुलवत राहतो. ते थांब होतं चौदाव्यात, आणि चौदावा पुसला गेला होता. पुढच्या प्रवेशांत ते चार दिवे बंद असतात. बिचारे बंद राहूनही अंधारात डुलतच होते, आणि आई मरायला टेकली की पेटत होते.

"पण चौदावा पुसलास कशाला?" बाईंनी विचारलं.

भाचीने फक्त माझ्याकडे पाहिलं. प्रवेश कापला तेव्हा ती तो क्यू राहू दे म्हणत होती. अडगळ ठेवू नये, पुसून टाक, असं तिला कोणीतरी वडीलकीच्या नात्याने बजावलं होतं. ते कोण, हे शोधायला गुप्तहेर लागत नव्हता.

तेवढ्यात दिग्दर्शक आला आणि चूक कोणाची, असं त्याने विचारलं. भाची शांतपणे म्हणाली, "माझी. थांब म्हणायचं राहिलं होतं, आता पंधराव्यात घातलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे होऊन सांगितलं की गुन्हेगार मी आहे आणि चौकशीत मी संपूर्ण सहकार्य केलं आहे. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि यापुढे मी फक्त पडदा ओढावा असं सुचवलं.

प्रयोगात आईने डोळे मिटले. चारही दिवे जागच्या जागी स्थिर. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्या उजेडाकडे बघता बघता माझे डोळे असे भरून आले की हातातल्या दोरीचा मला विसर पडला. म्हणे बाईंनी मेल्या मेल्या दोनदा "अहो, ओढा" असं कुजबुजून सांगितलं, पण पलंग माझ्या डावीकडे होता.

शेवटी दिवेच हळूहळू मंद होत गेले आणि रंगमंचावर अंधार झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा कुठे मी दचकून दोरी ओढली. पडद्याऐवजी असा अंधार करण्याची कल्पना कोणाची, म्हणून दिग्दर्शक आत येऊन कौतुकाने विचारू लागला. मी भाचीकडे पाहिलं.

"मामाची," ती म्हणाली.